कडू न झालेला वाफा

हे लिहायचं टाळतच होतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. गोष्ट जितेशची आहे. त्यात प्रेम कमी आणि मूर्खपणा जास्त, असं तोच म्हणतो. मला उलटं वाटतं, म्हणून लिहितोय.

जितेश कळंबजवळच्या एका रिसॉर्टची राखण करतो. शनिवार-रविवार पाहुण्यांचा गोंगाट. सोमवारी सगळे गेले की उरतात ओल्या खुर्च्या आणि हा. आई गेल्यापासून घरीही कोणी नाही. भाऊ खोपोलीला कारखान्यात. कधी कधी त्याला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटायचा.

अशाच एका मंगळवारी मागच्या माळावर एक मुलगी उकिडवी बसून किराईताची पानं खुडताना दिसली.

"ओ मॅडम, ती भाजी नाय. तापावरचा काढा हाय. दिसभर तोंड कडू ऱ्हाईल."

"माहितीये," ती वर न बघताच म्हणाली. "चाखून बघता?"

तिनं दोन पानं पुढं केली. त्यानं एकेक चावलं, डोळे मिटले... "हे बांधावरचं. आन् हे कातळावरचं, लय कडू."

आता मात्र तिनं वर बघितलं. कपाळावरची ओली बट मनगटानं मागे सारली – आणि हसली. "पुण्यात हे सांगायला मशीन लागतं."

ती उमा. तिकडं कॉलेजात संशोधन करायची. तिचा अंदाज असा, की निकस जमिनीत नवं पान काढायला झाडाला फार कष्ट पडतात, म्हणून आहे ते पान ते कडू करून जपतं. आणि कोणी खायला लागलं की अजूनच कडू होतं. ते तपासायला तिनं मुरमात दोन वाफे केले. एकाला जाळी, दुसरा उघडा. उघड्या वाफ्यात रोज संध्याकाळी गजाच्या बकऱ्या सोडायच्या, एवढंच जितेशचं काम. गजा म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

दर मंगळवारी ती यायची. वाफ्यापाशी चहा व्हायचा. एकटं राहून कंटाळा येत नाही का, तिनं एकदा विचारलं.

"मंगळवारी येत नाय," तो म्हणाला.

तिनं जाळीची घट्टच असलेली गाठ सोडून पुन्हा बांधली.

घोळ झाला तो इथंच. तिनं मातीत बोटं खुपसून लावलेली रोपं ती... बकरीनं पहिला शेंडा तोडला आणि ह्यानं तिला हुसकून लावलं. दुसऱ्या दिवसापासून बकऱ्या वाटेतूनच माघारी. सोमवारी तेवढ्या दोन सोडायचा, मंगळवारी तिला खाल्लेलं दिसावं म्हणून. रोपं जपतोस का बाईला, गजा टोमणा मारायचा.

भादवा सरता सरता पानांची तपासणी झाली. दोन्ही वाफ्यांचा कडूपणा सारखाच. उमा आली ती रिसॉर्टच्या पायरीवर बसूनच राहिली. कॉलेजातल्या सरांनी विषय सोडायला सांगितला होता. चार वर्षं चुकीच्याच अंदाजामागं घालवली, म्हणाली. पाचच्या एस्टीनं जाणार होती, कायमची.

गप्प राहिला असता तर ती त्याला भला माणूस समजून गेली असती...

"अंदाज नाय चुकला तुमचा. बकऱ्या मी सोडल्याच नाय. सोमवारच्या तेवढ्या."

"का?"

"तुमी लावलेली रोपं... खाताना बघवंना."

तिच्या डोळ्यांत राग आला, खराखुरा. "अख्खा पावसाळा गेला माझा, जितेश." नावानं हाक पहिल्यांदाच, आणि ती अशी. मग तिनं उठून उघड्या वाफ्यातलं एक पान खुडलं, अर्धं चावलं, अर्धं त्याच्यापुढं धरलं.

"धड कडूसुद्धा नाही. तुझ्यामुळं."

ती हसली की रडली, ते त्याला अजून उमगलेलं नाही.

एस्टीत चढताना तिनं बियांची पुडी त्याच्या हातात ठेवली. सरांना खरं ते सांगणार, त्यांनी हो म्हटलं तर येणार, नाहीतर – तोवर एस्टी हलली.

पुडी त्यानं जपली. यंदाच्या पावसाळ्यात दोन्ही वाफे पेरले, एकाला जाळी बांधली. फोन आलेला नाही. परवा रोपं वीतभर झाली आणि गजा बकऱ्या घेऊन वाफ्यापाशी थांबला.

"तुला जमायचं नाय रं."

"शब्द देतो, गजा," जितेश बाजूला सरकत म्हणाला. "ती येवो नायतर न येवो. यंदा रोज सोडीन. हितंच उभा राहून बघीन, पन अडवणार नाय."