सोळा महिन्यांचा उशीर

लीगमध्ये आता खेळाडूच्या गुडघ्यांआधी तिचं मन तपासतात. करार नवा करायचा असेल तर आधी पूर्वरेषेची चाचणी, मग बाकीचं. अकरा मोसम बास्केटबॉल खेळलेल्या विभा ढोमणेला या चाचणीचं कधी काही वाटलं नव्हतं. दर कराराच्या वेळी डोक्याला जाळीची टोपी घालून ती वीस मिनिटं पडून राही, तेवढ्यात एक डुलकीही काढून घेई. यंदा मात्र डॉ. नलिनी पाचपोर यांनी तिला समोर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"विभा, तू खेळ सोडायचं ठरवलं आहेस."

"मी? मी काहून सोडीन? तीन वर्षांच्या करारावर सही करायला आली ना मी, मॅडम."

"ते तुला वाटतं. तुझ्या मेंदूचं ठरून चौदा महिने झाले."

विभाला हसूच आलं. नागपूरच्या संघाची ही कर्णधार तेहतीस वर्षांची होती, सहा फूट एक इंच उंच, आणि बसल्या जागी तिचे गुडघे डॉक्टरांच्या टेबलाला लागत होते. डॉक्टर हसत नाहीत हे पाहून तीही थांबली.

माणूस बोट हलवतो तेव्हा 'हलवू या' असं त्याला वाटण्याआधीच मेंदूत तयारी सुरू झालेली असते. तिथे अंतर क्षणभराचं. पाचपोरबाईंनी शोधून काढलं की लग्न करणं, नोकरी सोडणं, गाव बदलणं अशा मोठ्या निर्णयांत हेच अंतर महिन्यांचं असतं. मेंदू आपला ठरवून मोकळा होतो. त्याची खूण आलेखावर रेषेसारखी उमटते, म्हणून ती पूर्वरेषा. मालकाला बातमी मागाहून कळते, आणि वर त्याला वाटतं की हे आत्ताच आपल्याला सुचलं. प्रत्येकाचा उशीर ठरलेला असतो. विभा सात वर्षांपूर्वी पुण्याचा संघ सोडून नागपूरला आली, तेव्हाच्या जुन्या आलेखांवरून तिचा उशीर निघाला होता सोळा महिन्यांचा.

"म्हणजे दोन महिन्यांनी मला कळणार, की मला खेळायचं नाही?"

"एखाद्या सकाळी उठशील आणि वाटेल, पुरे आता."

"आणि क्लब?"

"अशी रेषा दिसली की क्लब करार करत नाही. पंधरा दिवसांनी फेरचाचणी मागता येते. पण ठरलेलं बदललेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही."

घरी आल्यावर विभाला एका जागी बसवेना. चौदा महिन्यांपूर्वी झालं तरी काय होतं? काहीच नाही. दुखापत नाही, भांडण नाही, मोठा पराभव नाही. ती जुन्या सामन्यांची चित्रणं लावून बसली. बास्केट तेवढ्याच होत होत्या, पास तर पूर्वीपेक्षा नेमके. जेवण समोर निवत राही आणि ती तोच खेळ मागेपुढे करत राही.

तिसऱ्या दिवशी तिला दिसलं. ती चार्ज घेत नव्हती.

चार्ज घेणं म्हणजे धावत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत पाय रोवून उभं राहायचं आणि तिची धडक छातीवर झेलायची. फाउल तिचा, चेंडू आपला. अंग राखून करता येत नाही असं बास्केटबॉलमधलं हे एकच काम, आणि विभा त्यासाठीच ओळखली जायची. गेल्या चौदा महिन्यांत तिने एकही चार्ज घेतला नव्हता. दर वेळी शेवटच्या क्षणी तिचा डावा पाय वीतभर बाजूला सरकत होता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. इथे मनालाच खबर नव्हती.

ती प्रशिक्षक गेडाम सरांकडे गेली. "सर, तुम्हाला दिसलं नाही हे?"

"दिसलं ना. म्हटलं, पोरगी आता डोक्यानं खेळून राहिली. चांगलं वाटलं मला."

दुसऱ्या दिवसापासून सरावात तिने संघातल्या सगळ्यात दांडग्या मुलीला आपल्या अंगावर धावायला लावलं. पाय सरकला. पुन्हा सरकला. चार दिवस सरकतच राहिला, आणि चौथ्या दिवशी विभा कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडली. स्वतःच्या पायाचा इतका राग तिला कधी आला नव्हता. पाचव्या दिवशी पाय जागेवर राहिला. ती पाठीवर आपटली, श्वास कोंडला, आणि त्या लाकडी जमिनीवर पडल्या पडल्या तिला विलक्षण आनंद झाला. पुढे रोज ती धडका खात राहिली. बरगड्या निळ्या पडल्या.

फेरचाचणीचा आलेख डॉक्टरांनी दोनदा पाहिला. "नवी रेषा आहे. दहा दिवसांपूर्वीची. तुझं खेळायचं ठरलं आहे, विभा. क्लबला एवढं पुरेल."

"मग तुम्ही अशा काहून पाहून राहिल्या?"

"जुनी रेषा पुसली गेलेली नाही. पत्र पेटीत टाकलं, मग मन बदललं म्हणून दुसरं टाकलं, तरी पोस्टमन पहिलं आधी देणारच. तुझं पहिलं दीड महिन्यात पोचेल. दुसऱ्याला सोळा महिने लागतील."

"आणि मधे?"

"मधे खेळावंसं वाटणार नाही. नीट विचार करून सही कर."

विभाने त्याच दुपारी सही केली. आत्ता खेळावंसं वाटतं आहे, मग नंतरचं भय कशाला धरायचं, असा तिचा हिशेब.

पण त्यानंतर तिची झोप उडाली. रोज सकाळी डोळे उघडले की ती आधी स्वतःला चाचपून बघे. आलं का? नाही. अजून नाही. मोसमाच्या तोंडावर एका सकाळी सरावाआधी हॉलबाहेरच्या बाकावर बुटाची लेस बांधताना तिला वाटलं, आज नको. असं पूर्वीही महिन्यातून चारदा वाटायचं, चहा घेतला की जायचं. तिने चहा घेतला. गेलं नाही.

तिने डॉक्टरांना फोन लावला. "मॅडम, हे तेच का?"

"मला नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "मला ठरलेलं दिसतं. वाटलेलं दिसत नाही."

"मग मी नुसती थकली असेन, तर ते कोणाला विचारू?"

आत गेडाम सरांची शिट्टी झाली. आपल्याला तिथे जायचं नाही, हे विभाला स्वच्छ कळत होतं. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की दोन्ही लेस बांधून झाल्या आहेत आणि आपण मैदानावर येऊन उभ्या आहोत.