बसल्या जागेची ऊब

नवी घ्यायची की जुनी, ते तुम्ही दोघांनी ठरवा. मला इंजिनातलं काही कळत नाही. मी चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या. सुई, दोरा, फोम आणि रेग्झिन, एवढंच माझं शिक्षण. पण काकाला विचारायला म्हणून एवढ्या रात्री आलात, तर एक सांगतो. ऐकीव नाही, माझ्या मित्राचं आहे. सूनबाई, मुलं झोपलीत ना? मग दार तेवढं लोटून घे.

मित्र माझा चष्मेवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर खाली दुकान, वर दोन खोल्या. वहिनींना जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी एकच, लग्न होऊन लांबच्या शहरात गेलेली. तिला दोन मुलं. चार वर्षांत ती आली नव्हती. भांडण नाही, काही नाही. नोकरी, शाळा, सुट्ट्या, कशाचा कशाला मेळ बसत नव्हता. मग एका डिसेंबरात तिचा फोन आला. "बाबा, जानेवारीत आठ दिवस येतो. पण रेल्वे मध्यरात्री पोचते. स्टेशनवरून चाळीस किलोमीटर कसं यायचं? तुमच्या स्कूटरवर आम्ही चौघं आणि चार बॅगा?"

ती हसत म्हणाली होती. यानं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून माझ्याकडे हजर.

"चल रे गादीवाल्या, गाडी घ्यायचीय. पाच माणसं ऐसपैस बसली पाहिजेत आणि डिकीत चार बॅगा मावल्या पाहिजेत."

"तुला चालवता येते का पण?"

"तरुणपणी औषध कंपनीची चालवलीय. समोरच्या काचेतून बघायचं, एवढंच ना? काचेतलं मला शिकवू नकोस."

आधी नव्या गाड्यांच्या शोरूमला गेलो. गाडी अशी चकचकीत, की हात लावायची लाज वाटावी. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. तो चालकाच्या जागी बसला. हात मांडीवर ठेवून दोनेक मिनिटं नुसता बसला आणि उतरला. विकणारा पोरगा मागून सांगत होता, काका, गाडी दोन महिन्यांनी मिळेल, पण आजच नोंदवा. हा रस्त्यावर आल्यावर मला म्हणाला,

"हिच्यात अजून कुणीच बसलेलं नाही रे."

"मग नव्या गाडीत कोण बसलेलं असणार? तुझे पणजोबा?"

"तसं नाही," तो म्हणाला. "घरी पण तसंच आहे."



मग जुन्या गाड्यांच्या आवारात गेलो. इतर लोक आधी बॉनेट उघडतात. माझी रीत वेगळी. मी प्रत्येक सीटवर डोळे मिटून बसतो आणि शंभर आकडे मोजतो. फोम कुठे दबलाय, कुठल्या अंगाला कललाय, ते कमरेला कळतं. त्यावरून गाडी कुणी वापरली ते सांगता येतं. पहिल्या गाडीत मागच्या सीटवर पोरांनी नुसता धुडगूस घातलेला. दुसरीच्या चारही सीटा सारख्याच बसलेल्या. मी म्हटलं, ही भाड्यानं फिरलेली आहे. आवाराच्या मालकाचा चेहरा एवढासा झाला.

तिसरी राखाडी रंगाची, नऊ वर्षांची. चालकाची सीट वापरलेली, पण रीतसर. तिच्या डावीकडची नव्यासारखी ताठ. मागची उजवीकडचीही तशीच. मागची डावीकडची मात्र... खोल गेलेली. एकाच माणसाच्या बसण्यानं. माणूस वयानं मोठा, पण अंगानं हलका. खिडकीकडे रेलून बसणारा. वर्षानुवर्षं, तासन्‌तास.

"कुणाची होती ही?" मी त्या मालकाला विचारलं.

"डॉक्टरांची. एकटा जीव, लग्नच केलं नाही. गाडीत दुसरं कुणी कधी बसलंच नाही, काका. म्हणून तर अशी राहिलीय."

"मग मागे कोण बसायचं?"

"औषधांची पेटी ठेवत असतील."

पेटी काही खिडकीकडे रेलून बसत नाही. पण मी बोललो नाही. कारण तोपर्यंत चष्मेवाला पुढे बसला होता, आणि त्याचा चेहरा मी कित्येक वर्षांत तसा पाहिला नव्हता. प्रवासातून घरी आलेल्या माणसासारखा.

"हीच घेऊ," तो म्हणाला.

आता माझी चूक सांगतो. गाडी मी माझ्या दुकानात आणली. मागचा डावीकडचा खोल गेलेला फोम काढून नवा घातला. नातवंडं बसायची होती ना तिथे. आणि आमच्या धंद्यात जुना फोम कुणी टाकत नाही. त्यातला चांगला, दाट पापुद्रा कापायचा आणि जिथे सीट झिजली असेल तिथे भरायचा. सगळेच करतात. मी तो पापुद्रा कापला आणि चालकाच्या सीटमध्ये भरला. वर नवं कव्हर ताणून शिवलं. कुणाची जागा उचलून कुठे ठेवतोय, हा विचार माझ्या मनालाही शिवला नाही.

आठ दिवसांनी चष्मेवाला आला.

"तू सीटला हीटर बसवलास का रे?"

"माझ्या सुईला वीज येत नाही. का?"

"सकाळी बसलो की गरम लागते. उन्हानं तापते तशी नाही. आत्ताच कुणी उठून गेलंय, तशी."

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मुद्दाम गेलो. कडाक्याची थंडी. गाडीच्या टपावर दव गोठलेलं. कालपासून गाडी जागची हललेली नव्हती. यानं कुलूप काढलं. मी डावीकडच्या सीटवर हात ठेवला. बर्फ. मागच्या सीटवर ठेवला. बर्फ. चालकाच्या सीटवर ठेवला...

मी हात काढून घेतला.

"आजच दुकानात आण," मी म्हटलं. "मी आत भरलेलं काढून टाकतो."

तो म्हणाला, "राहू दे रे. घरात बिछाना थंड, खुर्ची थंड. एवढी एक जागा उबदार आहे, ती कशाला काढतोस?" आणि मग स्वतःच हसून म्हणाला, "आता पोरगी येतेय. मग मला इथे बसायला वेळ तरी मिळेल का?"

इथे बसायला. म्हणजे तो गाडीत नुसता बसत असे. दुकान बंद झालं की.

मुलीसाठी त्यानं वरची खोली रंगवून घेतली. नव्या रजया आणल्या. लहान मुलांचा हात पोचावा म्हणून बेसिनखाली चौरंग ठेवला. दिवस मोजत होता बिचारा.

जानेवारीतला तिसरा शनिवार. रेल्वे रात्री एक वाजून दहा मिनिटांनी यायची होती. मला म्हणाला, सोबत चल, परतताना मी मागे दाटीवाटीनं बसेन, तू चालव. आम्ही साडेअकराला निघालो. वाटभर हा गप्पा मारत होता. धाकटा नातू कसा फोनवर 'आजोबा, तुमच्याकडे दुर्बीण आहे का' विचारतो, ते दोनदा सांगितलं.

रेल्वे वेळेवर आली. दहा मिनिटं थांबली. तीन माणसं उतरली. त्यांत आपलं कुणी नव्हतं.

हा फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. प्रत्येक डब्यात डोकावला. रेल्वे सुटली, तरी मागच्या लाल दिव्याकडे बघत उभा. मग मुलीला फोन लावला. मी शेजारीच होतो. तिचा झोपेतला आवाज मला ऐकू आला.

"बाबा? काय झालं? मी दुपारीच मेसेज टाकला होता ना... धाकट्याला ताप भरलाय. आम्ही उन्हाळ्यात येतो. तुम्ही बघितला नाही का?"

हा दुसऱ्यांचे डोळे तपासायचा, पण फोनवरचे मेसेज कधी वाचत नसे.

"बघितला, बघितला," तो म्हणाला. "सहज लावला. ताप उतरला का? बरं. झोप तू."

परत निघालो. तोच चालवत होता.  दोन वाजायला दहा मिनिटं होती, मी घड्याळ बघितलं होतं. ओढ्यावरचा पूल आला. त्यानं गाडी कडेला घेतली. उतरला. दार उघडंच टाकलं. पुलाच्या कठड्यावर जाऊन बसला. गाडीकडे पाठ.

खांदे हलत होते. मी ठरवलं, मोकळं होऊ द्यावं. मी आतच थांबलो.

गाडीतला दिवा चालू होता. माझी नजर शेजारच्या सीटवर गेली.

माणूस उठला की फोम वर येतो. हळूहळू येतो, पण दहा आकड्यांत येतोच. चाळीस वर्षं मी तेच बघत आलो.

सीट वर आली नव्हती.

मी मोजलं. दहा. वीस. पन्नास... कव्हरवरच्या माझ्याच टाक्यांची रांग खाली ताणलेली. तशीच. उघड्या दारातून गार वारा येत होता. आणि माझ्या उजव्या अंगाला... फक्त उजव्या अंगाला... ऊब.

मला मान वर करून बघता येईना.

मग सीट वर आली. सावकाश. गाडी किंचित हलली. एक माणूस उतरताना हलते, तेवढीच.

बाहेर पावलं नाहीत. आवाज नाही.

चष्मेवाला कठड्यावर बसला होता. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मान उचलली नाही. तो फक्त सरकला. वीतभर. शेजारी कुणी बसायला आलं, की आपण सरकून जागा करून देतो ना... तसा.

त्याचे खांदे हलायचे थांबले.

हाक मारावीशी वाटली. 

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग तो उठून आला. माझ्या बाजूचं दार उघडलं. आवाज अगदी मऊ.

"तू मागे बस."

मी उतरलो. त्यानं दार लगेच लावलं नाही. थोडा वेळ धरून ठेवलं. मग हळूच लावलं.

मी मागे बसलो. घर येईपर्यंत पायांकडे बघत बसलो. पुढे बघितलं नाही.

तुम्हाला वाटेल, काका भुताला भ्यायला. भ्यायलो, खोटं कशाला बोलू? पण खरी भीती मला नंतर वाटली. तो मुलीला फोन करेनासा झाला. तिचा आला तर दोन शब्द बोलायचा आणि ठेवायचा. उन्हाळ्यात कधी येताय, हे त्यानं विचारलं नाही. मी दोनदा सांगितलं, अरे, पोरीला बोलव, वाटल्यास आपण दोघं जाऊन घेऊन येऊ. तर म्हणाला, "येईल सवडीनं. आता घाई नाही." एरवी चांगला होता. दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे. दुकान वेळेवर बंद करायचा आणि गाडी घेऊन निघायचा. कुठे जायचा, ठाऊक नाही. मला कधी चल म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मे महिन्यात न्यूमोनियानं गेला. दवाखान्यात तीन दिवस होता. मुलगी पोचली, तेव्हा सगळं उरकलं होतं. बसनं आली बिचारी, आणि त्या रंगवलेल्या खोलीत जाऊन रडली.

दहाव्या दिवशी मला म्हणाली, "काका, गाडी विकून टाका. मला ती बघवत नाही." तो दवाखान्यात गेल्यापासून गाडी दुकानासमोर बंद उभी होती, तेरा दिवस. किल्ली शेजारच्या घड्याळवाल्याकडे. त्यानं शपथेवर सांगितलं, कुणी हात लावलेला नाही. गाडीवर इतकी धूळ, की काचेतून आतलं दिसत नव्हतं.

मी कुलूप काढलं. मुलगी माझ्या मागे उभी.

पुढच्या डाव्या सीटवर चष्म्याची एक पेटी होती. उघडली. आत बाईमाणसाचा चष्मा, नाजूक फ्रेमचा. हातानं घासून बसवलेल्या काचा, त्याचंच काम. मुलीनं डोळ्यांना लावला आणि लगेच काढला.

"बाप रे, केवढा नंबर! आमच्यात कुणालाच नाही एवढा. आईलासुद्धा नव्हता." चष्मा तिनं पेटीत ठेवून पेटी मिटली आणि माझ्या हातात दिली. "कुणाचा असेल हो?"

 डोळे तपासल्याशिवाय असा चष्मा होत नाही, एवढं मलाही कळत होतं.

ती गाडीला टेकून उभी राहिली.  मग मान खाली घालून विचारलं, "काका, खरं सांगा. बाबा शेवटी अगदी एकटे होते का हो?"

मी पेटी पुन्हा उघडली. चष्मा उजेडात धरला.

काच पुसण्याआधी माणूस तोंडाची वाफ देतो ना... तशी वाफ होती. दोन्ही काचांवर. ताजी.