तानूआजीच्या लुगड्यांची वाट

“थांब, प्रगते! ते बघ, अजून आतच हाय!” गावातला तिचा दोस्त सुरज शेजारच्या सायकलवरून ओरडला.

प्रगतीने सायकलचा ब्रेक इतका करकचून दाबला, की मागे बसलेला दुसरा दोस्त सम्राट तिच्या पाठीवर आदळला.

“ए, माझं नाक!”

“नाक राहू दे, तिकडं बघ!”

दौंडबाहेरच्या माळावर बंगल्यांची नवी कॉलनी झाली होती. भोवती पुरुषभर उंच भिंत. रस्त्याच्या चढावरून भिंतीच्या दोन्ही बाजू दिसायच्या. आत रिकाम्या प्लॉटवर चिंकाऱ्याचं पाडस उभं होतं. त्याचे पाय लटपटत होते. बाहेर त्याची आई भिंतीला लागून येरझाऱ्या घालत होती. काल सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. आतल्या खडीच्या ढिगावरून तिने उडी मारली होती. पाडसाला ते जमलं नव्हतं.

कॉलनीतले लोक त्याला बिस्किटं टाकत होते आणि फोटो काढत होते. दोन कुत्री जरा लांब बसून वाट बघत होती.

“बिस्किटावर जगतंय व्हय ते? त्याला दूध पायजे,” सुरज म्हणाला. “आजचा दिवसबी काढायचं न्हाई.”

प्रगतीला उभं राहवेना. सुट्टीला ती आजोबांकडे, ज्ञानूआबांकडे आली होती. तिथेही हेच. दिवाळीत तानूआजी गेली, तेव्हापासून आबा एका जागी बसत नव्हते. अंगण, गोठा, फाटक, परत अंगण.

“पण ही हरणं आधी आत येत नव्हती,” ती म्हणाली. “आताच का येतात? चला, शोधू!”

कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीमागे त्यांना एक पांढरा खडा सापडला, चाटून चाटून गुळगुळीत झालेला. शेजारीच भिंतीत एक खिंडार होतं. त्यावर कोरा पत्रा ठोकला होता. खिळे अजून चकाकत होते!

खडा घेऊन तिघं आबांकडे पळाले. आबांनी तो सरळ जिभेला लावला.

“शी, आबा! हरणाचं उष्टं!”

“खडेमीठ हाय,” आबा म्हणाले. “मेंढरं राखायचो तवा आमीबी ठेवायचो. मिठासाठी जनावर कोसभर येतं. ही हरणं कुणीतरी मुद्दाम बोलावल्यात.”

“आन् आली की दार लावलं!” सम्राटने कपाळावर हात मारला. “गेटवरचा बोर्ड आठवा! ‘हरणांच्या शेजारी तुमचं घर. रविवारी या, बघा!’ उद्याच रविवार!”

त्याने लगेच वनखात्याला फोन लावला. आबांना घेऊन तिघं परत कॉलनीत गेले. तासाभरात वनरक्षक रश्मी मॅडम मोटारसायकलवर तिथे आल्या. कॉलनीचे मॅनेजर विनोदराव हसतच पुढे झाले.

“पत्रा? तो वाऱ्यासाठी हो, मॅडम! हरणाचं आम्हाला काय माहीत?”

सम्राटने मॅडमना हळूच मोटारसायकलमागे बोलावलं. बोर्डावरचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि आवाज जाड केला. “हॅलो! भांडगाववरनं बोलतोय. बंगला घ्यायचाय, पण हरीण दिसलं पायजे!”

विनोदराव फोन घेऊन बाजूला गेले. “या की, साहेब! शंभर टक्के दिसणार! पत्रा मारून आतच ठेवलंय!”

ते वळले, तर मॅडम समोर उभ्या!

“पत्रा काढा,” त्या म्हणाल्या. “बाकीचं नंतर बोलू.”

पत्रा निघाला. पण पाडस लांब कोपऱ्यात दडलं होतं.

“हाकलू या?” सुरजने विचारलं.

“अजिबात नाही! धसक्यानं मरतं ते. आणि पुण्याहून बचाव पथक यायला संध्याकाळ होईल,” मॅडम म्हणाल्या.

“मागं लागायचंच न्हाई,” आबा म्हणाले. “दोन्ही अंगांनी कापड धरायचं, खिंडाराकडं निमुळतं होत जाणारं. मेंढरांना आमी जाळं लावायचो. पर जाळ्यात ह्याचं पाय अडकतील. लांब कापड पायजे. लई लांब.”

ते घराच्या वाटेकडे वळले. मग म्हणाले, “प्रगते, घरी चल.”

आजीची पत्र्याची पेटी सहा महिन्यांत कुणी उघडली नव्हती. आबांनी कडी काढली. वरचं हिरवं लुगडं थोडा वेळ हातात धरलं.

“धर. नऊ लुगडी, नऊ-नऊ वाराची.”

काठ्या रोवल्या. कॉलनीतली माणसं लुगड्यांची टोकं धरून उभी राहिली. बिस्किटं दाखवून सम्राटने कुत्री गेटबाहेर नेली. हिरवं लुगडं प्रगतीकडे होतं, खिंडाराजवळ.

“हलायचं न्हाई,” आबांनी बजावलं.

हलायचं नाही! प्रगतीच्या पायांना मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली. पण ती खांबासारखी उभी राहिली. आबा लांबून जिभेने चक्‌चक्‌ करत एकेक पाऊल टाकत होते. पाडस चार पावलं चाललं, थांबलं, परत चाललं. तिच्या अगदी समोर ते बिचकलं. त्याच्या खुरानं टर्रकन लुगडं फाटलं, आणि पाडस खिंडारातून बाहेर!

आई धावत आली. पाडस तिच्या पोटाशी ढुसण्या देत दूध पिऊ लागलं. थोड्या वेळाने दोघं माळावर दिसेनाशी झाली.

“जिंकलो!” सुरजने टोपी उडवली.

विनोदरावांवर गुन्हा नोंदवून मॅडम कॉलनीच्या लोकांकडे वळल्या. “मीठ ठेवायचं नाही, बिस्किट टाकायचं नाही, वाट अडवायची नाही. तुम्ही फोटो काढत होता. या तिघांनी डोकं चालवलं. शाबास रे, पोरांनो! आणि आबा, तुम्ही नसता तर...”

आबा मात्र लुगडी गोळा करू लागले.

“आबा, आजीचं लुगडं फाटलं,” प्रगती रडवेली झाली.

“फाटू दे. पेटीत पडून काय करणार हुतं?”

त्यांनी लुगड्याची घडी घातली, माळावरच्या दगडावर ठेवली आणि तिच्यावर बसले. पाय लांब केले.

“बस गं जरा,” ते म्हणाले.

प्रगती त्यांच्या शेजारी बसली.