एकेचाळीस नंबरचा आवाज

ही गोष्ट भरदुपारची आहे.

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी आत्तेबहीण आहे, आणि तिला रचून सांगता येत नाही. लहानपणी खोटं बोलायला गेली की पहिल्याच वाक्यात पकडली जायची.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. दुसरा आठवडा, मंगळवार ते शुक्रवार. जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं तिचं घर.

त्या घरात दोघी बहिणी राहायच्या. थोरली आणि धाकटी. आमच्यात त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाकच मारत नाही. थोरली शाळेत शिकवायची. धाकटी, म्हणजे हीच, जाहिरातींना, मालिकांना संगीत देते. मागची लहान खोली तिनं त्यासाठी घेतली होती. भिंतींना स्पंजचे जाड तक्ते, एक कॉम्प्युटर, एक की-बोर्ड, एक खुर्ची. दार लावलं की बाहेर आभाळ कोसळलं तरी आत कळायचं नाही.

तेच झालं.

थोरलीला दमा होता. त्याआधीच्या जूनमधल्या एका दुपारी तिला जोराचा झटका आला. धाकटी आत होती, कानांवर हेडफोन. बिस्किटाच्या जाहिरातीचं तीस सेकंदांचं काम चाललं होतं. सव्वाचारला ती चहा टाकायला म्हणून बाहेर आली...

डॉक्टर म्हणाले, जाण्याआधी थोरली अर्धा तास तरी धडपडली असेल. हाका मारल्या असतील.

धाकटी रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. भेटायला आलेल्यांना तिनं पाणी दिलं, चहा दिला, कोण कशानं परत जाणार ते विचारलं. मग थोरलीच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि कामाला बसली. मी फोन केला की म्हणायची, "बरी आहे गं. काही वाटत नाही."



आठ महिने असेच गेले. मग तिच्याकडे ते सॉफ्टवेअर आलं.

सिंथेसायझरचं. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवायचं, की-बोर्डची पट्टी दाबायची, हवा तो आवाज निघतो. त्यांच्या भाषेत प्लगइन. बनवणारा एक तरुण इंजिनिअर होता, दुसऱ्या शहरातला. त्याला बाजारात आणण्याआधी वाजवणाऱ्यांचं मत हवं होतं. त्यात साठ तयार आवाज होते, त्यांना नुसते नंबर. धाकटीच्या ओळखीच्या चार कलाकारांनी ते ऐकायचे, मत सांगायचं, आणि धाकटीनं सगळं एका तक्त्यात भरून त्याला पाठवायचं. पाचवं मत तिचं स्वतःचं.

तिनं ते कॉम्प्युटरमध्ये बसवलं, पण उघडलं नाही. उघडावंसं वाटलं नाही.

मंगळवारी पहिलं मत आलं, बासरीवाल्या काकांचं. साठीचे गृहस्थ, कुणाचंही उगाच कौतुक न करणारे. सात नंबर चांगला. बारा नंबर म्हणजे पत्र्यावर खडे. तीसच्या पुढचे तार ओढल्यासारखे, पण वापरता येतील.

एकेचाळीसपुढे त्यांनी लांबलचक लिहिलं होतं.

हा आवाज एका खोलीत वाजतोय असं वाटतं. खोली मध्यम, खाली फरशी. आणि सुरामागे कोणीतरी श्वास घेतंय...

श्वास आत जातो. बाहेर पडताना अडतो. चाळीस वर्षं फुंकतोय, एवढं मला कळतं.

धाकटीनं ते जसंच्या तसं तक्त्यात उतरवलं. हाताला काही झालं नाही, मनालाही नाही. फक्त जेवायला बसली तेव्हा लक्षात आलं की ताट वाढून अर्धा तास झालाय.

बुधवारी गिटारवाला आला. तो सगळ्यांचा लाडका, दाढीमुळे त्याला दाढी म्हणतात. तो लिहून देण्यातला नाही, बोलणारा. दारातच उभा राहून त्यानं साठही आवाजांचा पंचनामा केला. बेस छान आहे, कॉम्प्युटर मात्र घामाघूम होतो, नऊ नंबर तर कुणी शुद्धीत असताना बनवलेलाच नाही.

मग एकेचाळीसवर आला.

एकेचाळीसमध्ये खालच्या सुरांत गेलं की लोखंडी कपाट थरथरतं, तो म्हणाला. एकच झडप. दुसरी घट्ट बसलेली. आणि त्या खोलीत कॉट आहे...

"कोणीतरी कॉटवर उठून बसतं गं. स्प्रिंग वाजते. इतकं बारीक काम केलंय, पठ्ठ्याला मानलं पाहिजे."

थोरलीच्या कपाटाची उजवी झडप कधीच नीट बसायची नाही.

दाढी गेल्यावर धाकटीनं त्या इंजिनिअरला फोन लावला. एकेचाळीससाठी कुठली खोली रेकॉर्ड केलीस, एवढंच विचारलं. तो हसला. म्हणाला, खोली कुठली, सगळं गणित आहे, एकही माइक लावलेला नाही. धाकटीच्या शहरात तो कधी आलेलाच नव्हता. तिच्या घरात कोण होतं, कोण नाही, यातलं त्याला काही माहीत नव्हतं.

तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

गुरुवारी गायिकेचा फोन. धाकटीची जुनी मैत्रीण, पण थोरलीच्या खोलीत ती कधी गेली नव्हती. तिनं बाकी आवाजांबद्दल दोन-दोन शब्दांत उरकलं. एकेचाळीस पूर्ण ऐकलाच नाही म्हणाली.

 का, ते धाकटीनं दोनदा विचारलं, तेव्हा बोलली.

"त्यात कोणीतरी चालतंय. पाय ओढत, भिंतीला धरून. दारापर्यंत येतं... आणि दारावर हात ठेवून उभं राहतं. बाई आहे. कशावरून ते मला विचारू नकोस."

फोन ठेवल्यावर धाकटी पॅसेजमध्ये आली. थोरलीच्या दाराची कडी जागच्या जागी होती.

तिनं दाराला कान लावला. आतून काही आवाज येत नव्हता.

नंतर ती मला म्हणाली, भीती वाटायला हवी होती हे कळत होतं. पण भूल दिलेल्या दातासारखं झालं होतं सगळं. जीभ लावली तर दात आहे, पण आपला नाही.

शुक्रवारी दुपारी ड्रमरचा मेसेज आला. हा माणूस बोलतोही कमी, लिहितोही कमी. साठ आवाजांना त्यानं साठ ओळी लिहिल्या होत्या. एकेचाळीसची ओळ अशी होती...

खोली रिकामी आहे. दार उघडं आहे. आत्ताच कोणीतरी उठून गेलंय.

अडीच वाजले होते. बाहेर ऊन, खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

धाकटी उठली, पॅसेजमध्ये गेली आणि आठ महिन्यांनी तिनं ती कडी काढली.

आत सगळं होतं तसंच होतं. कॉट, कपाट, शाळेच्या वह्यांचा गठ्ठा. फरशीवर धुळीचा थर, त्यावर एकही पाऊल नाही.

काहीच नव्हतं. ती परत वळली, आणि वळता वळता तिनं सवयीनं टाळी वाजवली. हे संगीतवाले लोक नव्या खोलीत शिरले की असं करतात, खोली किती घुमते ते कळतं. फरशीची खोली, पडदे काढलेले. घुमायलाच हवी.

घुमली नाही...

टाळी हातातल्या हातात विझली. तिनं पुन्हा वाजवली, जोरात. तेच. स्वतःचं नाव मोठ्यानं घेतलं. शब्द ओठांवरच राहिला.

त्या खोलीतून खोलीच गेली होती.

धाकटी आपल्या खोलीत आली. दार लावलं. खुर्चीत बसून हेडफोन चढवले, एकेचाळीस नंबर काढला आणि मधली एक पट्टी दाबून धरली.

सूर साधाच होता, थोडा धुरकट. पण फरशी नव्हती. कपाट नव्हतं. कसलाच घुमार नव्हता. लहान, कोंदट जागा, चारी बाजूंनी स्पंज लावल्यासारखी.

ती जागा तिनं लगेच ओळखली. ती त्याच जागेत बसली होती.

आणि डाव्या बाजूला, अगदी जवळ, कोणीतरी श्वास घेत होतं...

आत जाणारा. बाहेर पडताना अडणारा.

तिनं मान वळवली नाही. पट्टीवरचं बोट उचललं नाही. किती वेळ गेला ते तिला सांगता येत नाही. मग तिच्या तोंडून ते बाहेर पडलं, आठ महिन्यांत कुणाशीच न बोललेलं.

"ताई, मला ऐकू आलं नव्हतं गं."

श्वास थांबला.

आणि तिच्या डाव्या कानावरचा हेडफोन कोणीतरी अलगद उचलून मागे सरकवला.

थोरली तसंच करायची. काम चालू असताना हाका मारून उपयोग नाही हे माहीत असल्यानं आत यायची, एक कान मोकळा करायची आणि मग काय ते सांगायची.

धाकटीनं कान दिला. मोकळ्या कानाला गार हवा लागली.

कोणी काही बोललं नाही...

"बोलली असती तर बरं झालं असतं," ती मला म्हणाली. "रागावली असती तरी चाललं असतं. पण ती नुसती थांबली होती. मी काहीतरी बोलेन म्हणून."

 तिनं बोट उचललं. सूर विरला. कान मोकळाच होता.

संध्याकाळी तिनं तक्ता पूर्ण करून पाठवला. एकेचाळीसपुढे स्वतःचं मत लिहिलं: खोली लहान आहे. आत दोघीजणी आहेत.

इंजिनिअरनं सगळ्यांचे आभार मानले. त्या ओळीबद्दल काही विचारलं नाही. उन्हाळ्यात त्याचं सॉफ्टवेअर बाजारात आलं, बरं चाललंय म्हणे. दाढीनं विकत घेतलंय. त्यातला एकेचाळीस ऐकून तो म्हणाला, हा तो नाही, यात नुसता सूर आहे.

मी मागच्या महिन्यात तिच्याकडे दोन दिवस राहून आले. थोरलीच्या खोलीतच झोपले, म्हणजे पडून राहिले. त्या खोलीत स्वतःच्या खोकल्याचाही आवाज नीट होत नाही.

धाकटी काम करते, वेळेवर जेवते. रडलेली नाही. काही वाटतं का म्हणून विचारलं तर थोडा विचार करून नाही म्हणते.

निघताना मी तिला म्हटलं, ती चाचणीची जुनी कॉपी कशाला ठेवलीस, काढून टाक. ती कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिच्या डाव्या हाताला आता एक दुसरी खुर्ची असते.

"काढली असती गं," ती सहज म्हणाली. "पण मग ताई राहील कुठे?"