रिकाम्या यादीचा हुकूम

"अमोलनेच केलं! लिहून घ्या!"

नंदकुमारशेठ सकाळपासून एवढंच बोलत होते. बऱ्हाणपुरात खासगी तपास करणाऱ्या वैजयंतीबाईंनी सुस्कारा टाकला. गिऱ्हाईक यायचं तेच मुळी गुन्हेगार ठरवून!

"मग मला कशाला बोलावलंत?"

"पुरावा पाहिजे ना! ठाण्यात फोन केलाय. दुपारी हवालदार येईल."

शेठचं केळी पिकवण्याचं केंद्र होतं. काल खंडेनवमीची पूजा आटोपून माणसं प्रसादाला बसली, तोच सगळं नेटवर्क बंद पडल्याचं लक्षात आलं. पिकवणीच्या खोल्या किती थंड ठेवायच्या हे ऑफिसातला कॉम्प्युटर ठरवी. आता खोल्यांना त्याचा निरोपच पोचेना. कालपासून कडू नावाचा कामगार हातानं पंखे चालवत होता, तरी केळी काळी पडू लागली होती.

नेटवर्क सांभाळणारा अमोल राजीनामा देऊन इंदूरला निघाला होता. पासवर्ड त्याच्याकडेच. शेठना एवढं पुरे होतं.

"मग त्यालाच दुरुस्त करू द्या की," गिरधर म्हणाले. वैजयंतीबाईंचे हे यजमान निवृत्त झाल्यापासून स्कूटर चालवायला आणि शंका काढायला बरोबर असत.

"हात लावू देणार नाही! पुरावा पुसून टाकेल!"

केळी सडली तरी चालतील, पण हट्ट सुटता कामा नये! वैजयंतीबाई कपाळाला हात लावून बाहेर आल्या.

अमोल बाकावर बसला होता. "मॅडम, काल मी जसोंडीला घरी होतो. मैं क्यों करूँगा? इंदूरवाल्यांना पोलिसांचं कळलं तर नोकरी गेलीच समजा."

"सगळे स्विच एकदम कसे बिघडले?"

"बिघडले नाहीत. स्विच म्हणजे तारा जोडायचे हे डबे. नेटवर्कचे आम्ही भाग पाडतो. खोल्यांचा एक, कॅमेऱ्यांचा एक, ऑफिसचा एक. त्याला व्हीलॅन म्हणतात. त्यांची यादी एका स्विचवर लिहिली की गटातले बाकीचे आपणहून उतरवून घेतात. प्रत्येक बदलाला यादीचा नंबर वाढतो. जास्त मोठा नंबर दिसला की आपली यादी पुसायची, ती घ्यायची."

"आणि त्या यादीत काय आहे, ते बघतच नाहीत?" गिरधरांनी विचारलं.

"नाही काका. फक्त नंबर."

"तुमच्या घराण्यासारखंच," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मोठं कोण एवढंच बघायचं. बरं, अमोल, हे शिकलास कुठे?"

"इथंच. कपाटात त्याच गटातला एक जुना स्विच आहे. वर्षभर त्याच्यावर यादी लिहायची, खोडायची. शेवटी सगळं खोडून बंद करून ठेवला."

हिशेब पाहणाऱ्या रुपालीने मोबाइलवर कालचा फोटो दाखवला. पूजेला यंत्रं ओळीनं मांडलेली. वजनकाट्यावर काही नव्हतं, तरी आकडे चमकत होते. शेवटी झेंडूच्या हाराखाली एक जुना डबा होता आणि त्याचे हिरवे दिवे लागलेले होते.

"अमोल तसा नाही हो," ती कुजबुजली. "पण शेठपुढे बोलणार कोण?"

कडू पंख्यापाशी घामाघूम झाला होता. "पूजा शेठच करतात, बाई. दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. आन् बंद मशीनला कुंकू नाही लावत. म्हनतात, मढ्याची काय पूजा करायची?"

वैजयंतीबाईंनी कपाट उघडलं. जुन्या स्विचवर हळदकुंकू होतं. शेजारी भिंतीवर नेटवर्कची निळी तार लोंबत होती. तिचं टोक लाल झालं होतं.

"काल कुंकू सगळीकडेच उडालं असेल," गिरधर म्हणाले.

"अहो, तारेच्या फक्त टोकावरच उडालं?"

वैजयंतीबाईंनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं.

"शेठ, हा स्विच पूजेला कोणी मांडला?"

"मीच. यंत्र म्हणजे लक्ष्मी."

"आणि चालू केलात. पण वीज दिली तरी याचे हिरवे दिवे लागेनात, कारण ते नेटवर्कची तार जोडल्यावर लागतात. तेव्हा कुंकवाच्या हातानं तुम्ही ही तार खुपसलीत. दिवे लागले, तुम्ही हात जोडलेत, फोटो निघाला. मग तार काढून डबा कपाटात ठेवलात."

"त्यात काय झालं?"

"वर्षभर लिहून खोडून याचा नंबर सगळ्यांत मोठा झाला होता, आणि यादी होती रिकामी. गट तोच. बाकीच्या स्विचांनी नंबर बघितला, आपल्या याद्या पुसल्या आणि ही रिकामी उतरवून घेतली. खोल्या गेल्या, कॅमेरे गेले, ऑफिस गेलं. पासवर्ड कोणी टाकलाच नाही. नंतर तार काढून काय उपयोग?"

अमोलने डोकं धरलं. "तो जोडला असेल असं मनातही आलं नाही!"

"म्हणजे... मी?" शेठ मटकन खुर्चीत बसले.

"तुम्हीच. आणि वर दुरुस्त करणाऱ्याला बाहेर बसवून ठेवलंत! कालच त्याला हात लावू दिला असतात तर केळी तरी वाचली असती."

न विचारताच अमोल कॉम्प्युटरसमोर बसला. त्यानं एका स्विचवर यादी पुन्हा लिहिली आणि बाकीच्यांनी ती निमूट उतरवून घेतली. खोल्यांतली थंडीची यंत्रं घरघरली. कडूनं पंख्यावरचा हात काढला.

शेठ उठले आणि अमोलपुढे हात जोडून उभे राहिले. "चुकलं रे. राजीनामा परत घे."

दारात मोटारसायकल थांबली. हवालदार आत येत होता.

"हात राहू द्या, शेठ," अमोल म्हणाला. "सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत ना? आता यांनाही सगळ्यांसमोरच सांगा."

शेठनी सांगितलं. अमोल संध्याकाळच्या बसनं इंदूरला गेला.