हाकेआधी उठलेली

विषय : कार्यालयीन वेळेत, दुपारी, संस्थेच्या आवारात झोपण्यास मान्यता मिळणेबाबत.
संदर्भ : मानव्यविद्या आणि जीवशास्त्र या दोन विभागांचा संयुक्त संशोधन प्रकल्प, 'स्वप्न : देहातलं आणि कथेतलं'.

उपरोक्त विषयास मान्यता हातोहात मिळाली. संस्थेत दुपारी झोपण्याची चाल पूर्वापार होतीच. तिला संशोधन म्हणावं हे तोवर कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

अडचण होती ती दोन विभागांची. एकाच मजल्यावर, एकाच भिंतीच्या दोन अंगांना ते सख्ख्या भाऊबंदांसारखे नांदत होते, म्हणजे एकमेकांचं तोंडही पाहत नव्हते. मधल्या दाराला दोन्ही बाजूंनी कड्या. 'एकत्र काम कराल तरच निधी' असं वरून बजावण्यात आलं, तेव्हा त्या कड्या निघाल्या आणि दारापलीकडे कोण बसतं ते लोकांना कळलं.

एका जोडीला मात्र ते आधीच ठाऊक होतं. जीवशास्त्राचे डॉक्टर आणि मानव्यविद्येतल्या कथाबाई ही नात्यानं दीर-भावजय. डॉक्टर झोपेचे अभ्यासक. झोपलेल्याच्या डोक्याला तारा चिकटवायच्या आणि यंत्राच्या लेखण्या कागदावर ज्या रेघा ओढतील त्या वाचायच्या, हे त्यांचं काम. म्हणून मागून सगळे त्यांना 'तारमास्तर' म्हणत. वहिनी लोककथा गोळा करायच्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, चष्मा दोरीनं गळ्यात. बोलू लागल्या की समोरच्याच्या हातातला चहा गार व्हायचा.

"भावजी, तुम्ही माणसाच्या डोक्याला तार जोडता, पण पलीकडून बोलतंय कोण हे विचारत नाही."

"आणि तुम्ही विचारता, पण तार जोडत नाही. नुसत्या गप्पांना आमच्याकडे संशोधन म्हणत नाहीत, वहिनी."

"नुसत्या रेघोट्यांना आमच्याकडेही म्हणत नाहीत हो."

झोपेची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. एक खाट, जाड पडदे, भिंतीत काच, आणि काचेपलीकडे यंत्र. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून आत यायचं तेव्हा मधाच्या रंगाचं व्हायचं आणि जमिनीवर पाण्यासारखं हलायचं. तारा चिकटवायच्या लेपाचा खारट वास, पंख्याची घरघर, लेखण्यांची खरखर. त्या खोलीत पाय टाकला की जागा माणूसही आवाज उतरवून बोलायचा.

खोलीचा नियम एकच होता आणि तो वहिनींचा होता. झोपलेल्याला हलवून उठवायचं नाही. काचेपलीकडून हळू हाक मारायची. त्यानं 'ओ' दिली, की मगच उठू द्यायचं. आणि मग विचारायचं, "काय दिसलं?" जुन्या कथांतून त्यांनी तो उचलला होता. झोपेत माणूस लांब गेलेला असतो, हाकेच्या दोरीनं त्याला परत आणावं लागतं, म्हणे. डॉक्टरांनी आधी नाक मुरडलं. मग लक्षात आलं, की आपणहून दचकून उठणाऱ्यांच्या रेघा चिरफाळतात आणि हाकेनं उठणाऱ्यांच्या सुबक येतात. त्यांनी नियम मान्य केला, कारण मात्र आपलं लावलं.

झोपायला येणारे सगळे साधे, दुपारी मोकळे असणारे लोक. बँडमधून निवृत्त झालेले एक क्लॅरिनेटवाले काका होते. शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. आडवं होताच त्यांना झोप लागायची, आणि "यासाठी तुम्ही लोक पगार घेता होय?" असं विचारून त्या घोरू लागायच्या.

इथे दादाबद्दल सांगायला हवं. दादा म्हणजे डॉक्टरांचा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. त्याला एक खोड होती. बूट घालण्याआधी तो उलटा करून जमिनीवर टक टक आपटायचा, आत डोकावायचा आणि गंभीरपणे विचारायचा, "कोणी आहे का आत?" वहिनींनी संसारभर हा विनोद ऐकला होता. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यानं असाच बूट आपटला, विचारलं, घातला, आणि दारातून वळून म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलंय. येऊन सांगतो." कोपऱ्यावरच्या दुकानापाशी तो कोसळला. तो काही आला नाही, आणि सांगायचं ते राहिलंच.

वहिनींनी जन्मभर जगाच्या गोष्टी जमवल्या. ही एक त्यांना मिळाली नाही. दादा स्वप्नातही यायचा नाही. "सगळ्या मुलखाची स्वप्नं मी लिहून घेते, भावजी," त्या एकदा म्हणाल्या, "आणि माझ्या उशाशी कुत्रंसुद्धा फिरकत नाही." डॉक्टरांनाही दादा दिसत नव्हता, पण ते सांगणं शास्त्राला धरून नव्हतं.

प्रकल्प रांगेला लागला आणि एका दुपारी क्लॅरिनेटवाले काका हाकेला 'ओ' देऊन उठले.

"काय दिसलं?" वहिनींनी विचारलं.

"लांबलचक ओसरी होती. बाकावर एक गृहस्थ बसले होते. एक बूट पायात, एक हातात." काका हसले. "बुटालाच विचारत होते, कोणी आहे का आत म्हणून."

काचेपलीकडे डॉक्टरांच्या हातातली तार खाली पडली.

काकांनी दादाला कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मावशींना तीच ओसरी दिसली, तोच बाक, तोच गृहस्थ. "वाट बघत असावा कुणाची," मावशी म्हणाल्या. "सारखा टक टक करत होता. म्हटलं, अहो, बूट तुटेल."

डॉक्टरांनी भराभरा कारणं लावली. वहिनी कधी बोलल्या असतील, या दोघांनी बाहेरच्या बाकावर गप्पा मारल्या असतील. वहिनी सगळं ऐकून घेत होत्या. त्यांचे डोळे मात्र खाटेवर होते.

त्यानंतरच्या खेपेला मावशी गाढ झोपल्यावर वहिनी दबक्या पावलांनी आत गेल्या. झोपलेल्याच्या कानात काही सांगायचं नाही, हे अभ्यासाचं बाळबोध पथ्य. ते मोडून त्या मावशींच्या कानाशी वाकल्या. ध्वनिवर्धकातून डॉक्टरांना शब्द न् शब्द ऐकू आला.

"त्यांना विचारा... काय सांगायचं राहिलं होतं?"

डॉक्टर काचेवर टकटक करणार होते. केली नाही. त्यांनाही ऐकायचं होतं.

हाक मारली. मावशींनी 'ओ' द्यायला फार वेळ लावला. उठल्या त्या जरा घुश्शातच.

"विचारलं मी. तर म्हणतो कसा, मी तिला सांगून टाकलं. ही काय, इथेच बसलीये."

"कोण बसलंय?" वहिनींनी विचारलं.

"त्याच्या शेजारी. पाठमोरी होती. अंबाड्यात पेन्सिल." मावशींनी वहिनींकडे निरखून पाहिलं. "म्हणजे... तुम्हीच की हो, बाई."

त्या दिवशी मावशींनी चहा घेतला नाही. पुन्हा येईन की नाही ते कळवते, असं म्हणून गेल्या.

वहिनी खाटेच्या कडेवर बसून राहिल्या. मधाचं ऊन त्यांच्या पावलांवरून सरकून भिंतीवर चढलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी गोष्ट माझ्या नावावर कोणीतरी ऐकून घेतलीये, भावजी. तारा लावा मला."

"वहिनी, हे काही..."

"लावा. तुमच्या दादाला तोतयाशी बोलत बसू द्यायचं का?"

डॉक्टरांनी तारा लावल्या. लेप लावताना त्यांना जाणवलं, की वहिनींचं कपाळ तापलंय आणि आपली बोटं गार आहेत. "हाक मारायला विसरू नका," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर बसाल रेघा बघत." आणि एरवी रात्र रात्र जागणारी ती बाई दिवा मालवावा तशी झोपली.

लेखण्या आधी घाईनं धावल्या, मग संथ झाल्या. गाढ झोपेच्या रुंद, आळशी लाटा कागदावर पसरू लागल्या. कानाशी ढोल वाजवला तरी माणूस हलत नाही, अशी ती झोप. खोलीत कुठूनसा बूटपॉलिशचा वास आला. डॉक्टर लाटांकडे बघत राहिले. इतक्या देखण्या लाटा त्यांनी उभ्या हयातीत पाहिल्या नव्हत्या. लाटा उथळ झाल्या की हाक मारायची, असं त्यांनी मनात ठरवलं. त्या उथळ होईनात...

"चहा आहे का हो?"

त्यांनी मान वर केली. वहिनी खाटेवर उठून बसल्या होत्या. डोळे टक्क उघडे, ओठांवर हसू.

हाक मारली नव्हती. 'ओ' आली नव्हती.

"काय दिसलं?" डॉक्टरांनी सवयीनं विचारलं.

"काही नाही. छान झोप लागली."

"आणि दादा?"

"सांगितलं की त्यांनी. साधंच होतं." त्या हसल्या. आवाज वहिनींचाच होता. "मला सांगायचं होतं, मला सांगितलं. तुम्हाला कशाला हव्यात नवरा-बायकोच्या गोष्टी?"

डॉक्टरांना हायसं वाटलं, पण ते क्षणभरच. कारण वहिनी बोलत होत्या, हसत होत्या, पेन्सिल काढून अंबाडा नीट बांधत होत्या, आणि डोक्याला अजून चिकटलेल्या तारांमधून कागदावर त्याच रुंद, आळशी लाटा उमटत होत्या. तसूभर फरक नाही. समोर बसलेली बाई गाढ झोपेत होती.

यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यांनी वहिनी गेल्यावर तारा स्वतःला लावून पाहिल्या. घाबरलेल्या, टक्क जाग्या माणसाच्या रेघा आल्या. यंत्र उत्तम चाललं होतं.

त्यानंतर वहिनींचं फार चांगलं झालं. रखडलेला ग्रंथ हातावेगळा झाला. विभागप्रमुखांशी त्यांचं कडाक्याचं भांडण होतं ते मिटलं. दोन वाक्यांत बोलणं संपवू लागल्या, त्यामुळे सभा वेळेवर सुटू लागल्या आणि सगळी संस्था त्यांना दुवा देऊ लागली. "दुःखातून बाहेर आल्या बिचाऱ्या," डॉक्टरांची बायको म्हणाली. "तुम्हीच तेवढे सुतकी चेहरा करून फिरता." वहिनी आता डॉक्टरांना टोमणे मारत नसत. रेघोट्या हा शब्दही काढत नसत. रेघांना 'आलेख' म्हणत. एवढ्यानं डॉक्टर धास्तावायचे, पण हे कुणाला सांगणार? भावजय सभ्यपणे बोलते, अशी तक्रार आजवर कुठल्या दिरानं केली आहे?

मावशी एकदा आल्या, त्या डॉक्टर हातापाया पडल्यावर. झोपल्या. डॉक्टरांनी हाक मारली, 'ओ' मिळाली, आणि मावशी उठल्या त्याच डोळे पुसत.

"तो गृहस्थ नाही हो आता. गेला उठून. तुमच्या बाई एकट्याच बसल्यात बाकावर." त्यांनी आवाज उतरवला. "त्याचा बूट आहे त्यांच्या हातात. तो आपटतात नि म्हणतात... भावजींना सांगा, झाली माझी झोप. हाक मारा म्हणावं."

दार वाजलं. चहाचा पेला हातात घेऊन वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या.

"स्वप्नच ते, मावशी," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "मनावर घेऊ नका."

मावशी चपला हातात घेऊनच निघून गेल्या.

डॉक्टरांनी त्या संध्याकाळी धीर करून विचारलं. "वहिनी, एकदा आडव्या व्हा. तारा लावतो. रीतसर हाक मारतो. झालं."

"जागी तर आहे की मी."

"माझ्या समाधानासाठी."

"जाग्या माणसाला उठवतात का, भावजी?" त्यांनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "आणि उठून कोण येणार?"

यापुढे बळजबरी करणं शक्य नव्हतं. झोपणाऱ्याच्या संमतीवाचून कुणालाही त्या खाटेवर निजवायचं नाही, असा दंडक होता, आणि तो डॉक्टरांनीच लिहिला होता.

आता दुपारी खोली रिकामी असते. डॉक्टर काचेपाशी बसतात, ध्वनिवर्धक सुरू करतात आणि रिकाम्या खाटेला हळू हाक मारतात. "वहिनी..." पंखा घरघरतो. ऊन जमिनीवर हलतं. मग लांबून, एखाद्या फार मोठ्या ओसरीच्या टोकाहून यावी तशी, 'ओ' येते. पण यायचं कशात? देह तर पलीकडच्या खोलीत बसून सभेचा वृत्तांत तपासत असतो. हल्ली ती 'ओ' पूर्वीपेक्षा उशिरा येते, आणि ऐकायला कान फार जवळ न्यावा लागतो.

सबब, सदर महिलेस पुन्हा एकदा खाटेवर निजवून, हाक मारून, रीतसर उठवण्याची विशेष परवानगी मिळावी, असा अर्ज डॉक्टरांनी नीतिसमितीकडे सादर केला आहे. समितीने तो सदस्य-सचिवांकडे अभिप्रायासाठी पाठवला. सदस्य-सचिवपदी नुकतीच कथाबाईंची एकमताने निवड झाली आहे. अर्ज त्यांच्या टेबलावर असून अद्याप प्रलंबित आहे.