नऊ दिवस थांबला असतात तर

त्या डिसेंबरात कोरियातल्या मोकपो शहरात जेवढी माणसं वारली नसतील, तेवढी पुष्पचक्रं एका आठवड्यात चेरिनच्या दुकानातून बाहेर पडणार होती. मरण मात्र एकाच गोष्टीला आलं होतं, हेरन्स संघाच्या कारभाऱ्यांच्या अकलेला. बेसबॉलचे चाहते तिथे चिडले की दगड मारत नाहीत. पांढऱ्या शेवंतीचं तिमजली पुष्पचक्र, उजव्या फितीवर निरोप आणि डाव्या फितीवर पाठवणाऱ्याचं नाव लिहून, थेट संघाच्या ऑफिसच्या दारात नेऊन ठेवतात, जसं मयताघरी ठेवतात तसं.

चेरिन तारेला फुलं गुंफत होती आणि तोंडाने कारभाऱ्यांचा उद्धार करत होती. तेवढ्यात दार उघडलं. बर्फ मिसळलेल्या पावसाचा एक गार झोत आत आला आणि पाठोपाठ एक तरुण.

"मालकीणबाई... एक पुष्पचक्र हवं होतं."

"कोण वारलं?" तिने वर न बघताच विचारलं.

"तेच... जे सध्या सगळ्यांचंच वारलंय."

आता तिने वर पाहिलं. चष्म्यावर पावसाचे थेंब, थंडीने लाल झालेलं नाक, आणि हसावं की नको अशा बेतात अडकलेले ओठ. दिसायला बरा होता. पण आजचा दिवस बरं दिसण्याचा नव्हता.

"बसा. चौतिसावे तुम्ही. आणि मुजिनसाठी रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या. फीत लिहिताना मध्येच कुणी हुंदके दिले की माझा हात हलतो."

"माझं रडून झालंय," तो म्हणाला.

झालं होतं असं. हेरन्सने सोलच्या संघाकडून सदतीस वर्षांचा एक थकलेला फलंदाज चार वर्षांच्या करारावर आणला. नियम असा की, ज्यांचा खेळाडू जातो ते बदल्यात समोरच्यांचा एक उचलतात. उचलू नये म्हणून वीस जणांची नावं राखून ठेवता येतात. जी पोरं सक्तीच्या नोकरीसाठी लष्करात भरती झालीत, त्यांना तर कुणी हातही लावू शकत नाही. डावखुरा पिचर मुजिन, वीस वर्षांचा, त्या विसांत नव्हता, पण दहा डिसेंबरला भरती होणार होता. कारभाऱ्यांनी करार जाहीर केला एक तारखेला. सोलवाल्यांनी मुजिनला अलगद उचललं.

"नऊ दिवस!" चेरिनने कात्री टेबलावर आपटली. "लेकरू छावणीत सुखरूप बसलं असतं. म्हाताऱ्याला काय नऊ दिवसांत दात फुटणार होते? अहो, ताशी एकशे एक्कावन्नने चेंडू टाकायचा तो!"

"त्रेपन्न," तो हळूच म्हणाला. "सप्टेंबरात. दुसऱ्या फळीच्या सामन्यात."

"त्या सामन्याला अकरा माणसं होती. मी होते त्यांत."

"ठाऊक आहे. पिवळा रेनकोट... पंचाला विचारत होतात, डोळे मासळीबाजारात विकून आलास का म्हणून."

चेरिनचे कान तापले. तिने घाईघाईने कुंचला शाईत बुडवला. "काय लिहू उजव्या फितीवर?"

"नऊ दिवस. एवढंच."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. तेहतीस लोकांनी लांबलचक शिव्या लिहून घेतल्या होत्या, पण इतकं नेमकं कुणाला सुचलं नव्हतं. तिला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून थोडा रागही आला.

"आणि डाव्या फितीवर? पाठवणाऱ्याचं नाव."

"ती... कोरी ठेवता येईल?"

"नाही."

"मग 'एक चाहता' लिहा."

"हे बघा, समोरच्याला शिवी द्यायची तर आपलं नाव सांगून द्यावी. नाहीतर ती चावडीमागची कुजबूज. बिननावाचं फूल या दुकानातून जात नाही."

"उद्या येतो," तो म्हणाला.

"नाव घेऊन या!"

दुसऱ्या दिवशी तो आला तो दोन भाजलेली रताळी घेऊन. तिसऱ्या दिवशी नुसतेच गार पडलेले हात घेऊन. मग चेरिनच त्याला शेजारच्या खाण्याच्या गाडीवर घेऊन गेली. काडीला लावलेल्या मासळीच्या वड्या, कागदी पेल्यात कढत रस्सा, आणि भांडण. राखीव पिचर कोण कोण उरले, शाळेतून थेट संघात आलेला, खालून हात फिरवून चेंडू टाकणारा तो मुलगा पुढच्या वर्षी चालेल का, यावर दोघं असे हातवारे करत की गाडीवाली म्हणे, वड्या आधी संपवा, मग मारामारी करा.

त्याचं नाव इन्हो, एवढं तिला कळलं. शाळेत तोही पिचर होता. कोपर गेलं आणि खेळ संपला. आता कुठल्याशा ऑफिसात कागद लिहितो म्हणाला. बोलता बोलता तो तिच्या पेल्यात आपल्या वाटचा रस्सा ओतायचा, आणि नजर मिळाली की चष्मा पुसायचा.

"गिऱ्हाईक रोज येतं आणि काही घेत नाही," चेरिनच्या हाताखाली काम करणारी मावशी दुकानातून म्हणाली. "अशा गिऱ्हाइकाला काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"काय?"

"जावई!"

"मावशी, पानं तोड गुपचूप!" चेरिन ओरडली. पण त्या रात्री तिला झोप आली नाही. इतकं बोलणारा माणूस साधं नाव लिहायला का कचरतो, हे तिला काही केल्या उमगत नव्हतं. तो तिला आवडला होता. म्हणूनच ती कोरी फीत तिला सलत होती.

शनिवारी सकाळी एक्केचाळीस पुष्पचक्रं स्टेडियमच्या फाटकासमोर ओळीने उभी राहिली. 'नऊ दिवस'वालं तिने स्वतःचाच नियम मोडून आणलं होतं, डाव्या फितीविना. दोनेकशे चाहते मुकाट्याने उभे होते. समुद्राकडून बोचरा वारा सुटला होता. इतक्यात फाटक उघडलं आणि संघाचे निळे कोट घातलेले चार जण पुष्पचक्रं हटवायला बाहेर आले. त्यांतल्या तिसऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा होता. गळ्यात ओळखपत्र.

चेरिनला क्षणभर काही ऐकूच आलं नाही.

"तू... आतला?" पहिल्यांदाच ती त्याला 'तू' म्हणाली.

"चेरिन, मी सांगणार होतो—"

"कधी? रताळं सोलताना? माझ्याकडून चार दिवस मुजिनचं रडगाणं ऐकून घेतलंस, आणि ती वीस नावांची यादी तुझ्याच ऑफिसात झाली!"

"यादी मीच टाईप केली," तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "बैठकीत मी म्हणालो, नऊ दिवस थांबा. साहेब म्हणाले, मालकांच्या वाढदिवसाला मोठी बातमी हवी. मग... मी गप्प बसलो."

"वाढदिवस!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. "एका पोराला मेणबत्तीसारखं केकवर लावून दिलंत तुम्ही! आणि तू एकदा बोललास, झालं? हात झटकले?"

"कोपर गेल्यापासून हेच एक काम आहे, जिथून मैदान दिसतं. ते जाईल म्हणून भ्यालो."

"मग भी. पुष्पचक्रं उचल आणि जा आत. पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

ती वळली. पण मागे कुजबूज उठली म्हणून तिने पाहिलं, तर इन्हो पुष्पचक्रं आणलेल्या तिच्या गाडीतली कोरी फीत आणि कुंचला घेऊन गुडघ्यांवर बसला होता. ओल्या फरशीवर फीत पसरून तो लिहू लागला. वाऱ्याने फीत उडत होती, अक्षर वेडंवाकडं होत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसच्या खिडकीत कुणीतरी येऊन उभं राहिलं.

चेरिन दात-ओठ खात परत आली, आणि फितीचं दुसरं टोक तिने अंगठ्याने दाबून धरलं.

"थरथरू नकोस," ती म्हणाली. "शाई ओघळते."

हेरन्स संघ, खेळाडू विभाग, शिम इन्हो. त्याने फीत डाव्या बाजूला बांधली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्या चाहत्याने नुसती टोपी काढली.

सोमवारी भरदुपारी तो दुकानाच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. अंगात निळा कोट नव्हता.

"कामावरून काढलं?" चेरिनने विचारलं.

"काढलं. साहेब म्हणाले, तुला संघाबद्दल प्रेमच नाही."

"असं म्हणाला तो? तो?" ती ताडकन उठली. मग त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिने आवाज खाली आणला. "वाईट वाटतंय?"

"खूप. मुजिनला फोन केला. माफी मागितली. आणि... तुम्ही मला आवडता. हेही वेळेवर सांगायचं राहिलं. तुम्ही नको म्हणालात तरी चालेल—"

"माझा राग गेलेला नाही."

"ठाऊक आहे."

"उद्याही जाणार नाही. मुजिन सोलच्या कपड्यांत पहिला चेंडू टाकेल ना, त्या दिवशी तुझं डोकं खाईन मी."

"मग... जाऊ मी?"

"जाऊ काय जाऊ!" तिचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "सात वर्षं आपला संघ तळाला आहे. सात वर्षं मी त्याला रोज शिव्या घालते, आणि दर मार्चला पहिल्या रांगेचं तिकीट काढते. रागावलेलं माणूस सोडून जातं, असं तुला कोणी सांगितलं रे?"

इन्होने चष्मा काढला. यावेळी पुसला मात्र नाही, नुसताच हातात धरून उभा राहिला. चेरिनने त्याला बाहीला धरून आत ओढलं, आणि पायाने दार लावून घेतलं.